दहा मिनिटं कमी दोन तास

कुठलं गाव किती लांब आहे असं विचारल्यावर जो माणूस विमानाचे तास सांगतो, तो माझ्या मनातून तिथल्या तिथं उतरतो. आता अशी माणसं जागोजागी भेटतात. लग्नात भेटतात, बारशात भेटतात, 'अहो, विमानानं काय, तासाभराचं काम' म्हणतात आणि मठ्ठ्याची वाटी पुढं करतात. माझ्या तरुणपणी धारवाडात असा माणूस एकच होता, आणि आमचं दुर्दैव असं की तो आमच्याच घरात होता. माझे थोरले काका.

काका बँकेत हेडक्लार्क होते आणि नव्वदच्या सुमाराला रिटायर झाले. उभ्या जन्मात ते विमानात बसले नव्हते. विमान त्यांनी पाहिलं होतं ते आकाशात, कपाळावर आडवा हात धरून. पण दरवर्षी त्यांना कुठून ना कुठून नव्या सालाची डायरी फुकट मिळायची. त्या डायरीच्या मागच्या पानांवर, पोस्टाचे दर आणि भाजल्यावर काय करावं या माहितीच्या नंतर, देशातल्या मोठ्या शहरांमधल्या हवाई अंतरांचा तक्ता असायचा. एक गाव वरून धरायचं, दुसरं डावीकडून, आणि दोन बोटं जिथं भेटतील तिथला आकडा वाचायचा. बाकीचे लोक डायरी पुढून उघडतात. काका मागून उघडायचे.

तक्त्यात धारवाड नव्हतं. हुबळीही नव्हती. बेंगळूर होतं, गोवा होतं, मुंबई तर होतीच. आपलं गाव तक्त्यात नाही हा अपमान काकांनी आपल्या परीनं धुऊन काढला होता. अप्पांच्या शाळेतून त्यांनी भिंतीवरचा नकाशा आणवला, काकूच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, तो धारवाडपासून एकेका शहरापर्यंत ताणला आणि पट्टीवर मोजला. मग तक्त्याच्या खाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात आपली एक ओळ जोडली. किलोमीटर झाले की त्यांना आठशेनं भागायचं, की वेळ तयार. बेंगळूर अर्धा तास. मुंबई पस्तीस मिनिटं. कलकत्ता दोन तास. दिल्ली दहा मिनिटं कमी दोन तास. दर जानेवारीत नवी डायरी आली की ही ओळ ते जुन्या डायरीतून नव्या डायरीत उतरवून घ्यायचे, आणि त्या दिवशी त्यांना हाक मारायची सोय नसायची.

विमान धारवाडला उतरतच नाही, ही बारीकशी गोष्ट त्या ओळीत कुठं नव्हती. हुबळीला गोकुळ रोडवर धावपट्टी होती, हे खरं. कारखान्यांच्या पुढं गेलं की कुंपणातून दिसायची. पण आज उठावं, तिकीट काढावं आणि बसावं असं रोजचं विमान तिथं नव्हतं. तसं कुणी काकांना म्हटलं की ते कन्नडमध्ये म्हणायचे, "बरतद, बरतद." येतंय, येतंय. मराठीपेक्षा कन्नडमध्ये म्हटलेलं त्यांना जास्त खात्रीचं वाटत असावं.

शेजारच्या बाईंचा मुलगा कलकत्त्याला नोकरीला लागला तेव्हा त्या दोन दिवस रडत होत्या. काका डायरी घेऊन त्यांच्याकडे गेले. "दोन तास की हो बाई, रडताय कशाला?" बाईंनी डोळे पुसले, काकांना चहा केला, आणि पुढची तीन वर्षं त्यांना मुलाचं तोंड दिसलं नाही. पण सांत्वन झालं होतं ना. काकांना तेवढंच पाहिजे असायचं. तक्ता चुकला असं त्यांना कुणी सांगायला गेलं नाही आणि तक्ता कधीच चुकला नाही.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण आमच्या घरात थोरल्याचा शब्द शेवटचा. माझे वडील, त्यांना आम्ही अप्पा म्हणायचो, शाळामास्तर होते. वर्गात पन्नास पोरांना नुसत्या नजरेनं गप्प बसवायचे. थोरला भाऊ बोलायला लागला की मात्र हाच मास्तर मुकाट शेवटच्या बाकावर जाऊन बसायचा.

माझं स्थळ दिल्लीचं आलं. मंडळी मूळची मिरजेकडची, मुलगा केंद्र सरकारच्या ऑफिसात, आई-वडील हयात नाहीत, एकटा राहतो, दिसायला बरा. सगळ्यांना पसंत होतं. आईची हरकत एकच होती आणि ती तिनं सगळ्यांच्या समोर, दाराच्या चौकटीत उभं राहून सांगितली.

"हिचं पहिलं बाळंतपण माझ्या हातानं झालं पाहिजे. दिल्लीहून मी हिला आणायची कशी?"

या वाक्याच्या मागं काय होतं ते घरात सगळ्यांना माहीत होतं. आईला स्वतःला माहेर नव्हतं. तिची आई ती लहान असतानाच गेली. माझ्या वेळचं बाळंतपण तिनं सासरीच काढलं, याच घरात, काकूच्या देखरेखीखाली. त्याबद्दल ती कधी तक्रार करायची नाही. एकदाच मला म्हणाली होती, की तूप मोजून मिळायचं. एक चमचा, आणि तोही काकू तिच्या ताटाच्या कडेला पुसून परत नेत असे. पहिल्या बाळंतपणाला मुलगी आपल्या घरी यावी, तिला आपल्या हातानं न मोजता वाढावं, एवढी एकच गोष्ट तिनं आयुष्याकडे मागितली होती. दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही.

काकांनी डायरी मागून उघडली. दोन बोटं फिरवण्याचीही गरज नव्हती, त्यांना पाठच होतं, पण त्यांनी फिरवली. "दहा मिनिटं कमी दोन तास," ते म्हणाले. "सुभाष रोडला जाऊन भाजी घेऊन, चार बायकांशी बोलून येतीस की, तेवढा टाइम. याला काय लांब म्हणायचं?"

अप्पांनी मान डोलावली. आईनं माझ्याकडे बघितलं.

त्या वेळी मला काकांचा राग आला होता असं लिहायला मला फार आवडलं असतं. आला नव्हता. मी तेवीस वर्षांची होते आणि मला विमान दिसत होतं.

लग्न झालं, आणि अर्थातच आम्ही आगगाडीनं गेलो. धारवाडहून पॅसेंजरनं लोंढा, तिथं संध्याकाळी दिल्लीची गाडी पकडायची, मग ती रात्र, पुढचा अख्खा दिवस, आणखी एक रात्र, आणि सकाळी निजामुद्दीन. काका स्टेशनवर आले होते. "पुढच्या खेपेला विमानानं ये हो," त्यांनी मला असं सांगितलं, जणू तिकीट त्यांच्या खिशात होतं. आमच्या ह्यांची आणि काकांची पहिल्याच भेटीत गट्टी जमली होती. एकाच जातीचे दोन प्राणी. फरक एवढाच की ह्यांना डायरी लागायची नाही, हे तोंडी भागाकार करायचे. दिल्लीच्या त्या दोन खोल्यांत ह्यांनी मला कशाला किती मिनिटं लागली पाहिजेत ते सांगितलं होतं, चपात्यांनाही. हे वाईट होते असं मी म्हणत नाही. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

दीड वर्षानं मला दिवस गेले. तोवर धारवाडच्या घरी फोन आला होता. आई फोनवर ओरडून बोलायची, दिल्ली लांब आहे हे तिच्या आवाजाला ठाऊक होतं. "सातव्यात ये," ती म्हणायची. "सातवा लागला की निघायचं. आठव्यात वेस ओलांडायची नाही."

ही आमच्याकडची पद्धत. सातव्यात लेक माहेरी आणायची, आठव्यात प्रवास वर्ज्य. कारण कुणी विचारत नाही. पण आता विचार केल्यावर मला वाटतं, ज्या बायकांनी हे ठरवलं त्यांना काकांपेक्षा भूगोल जास्त कळत होता. त्यांनी बाईच्या पोटातला महिना धरून हिशेब केला होता, नकाशावरचा दोरा धरून नाही.

आईनं तयारी सुरू केली. मागची खोली तिनं चुन्यानं पांढरी करून घेतली. हुबळीला दाजीबानपेठेत जाऊन मऊ मलमल आणली, तिची लंगोटं आणि टोपडी शिवली, जुन्या लुगड्यांची दुपटी केली. अंग रगडायला येणाऱ्या बाईला आगाऊ सांगून ठेवलं. आणि माझ्या धाकट्या भावाला दोन रिझर्वेशनं हातात देऊन, एक जायचं त्याचं आणि परतीची आम्हा दोघांची, दिल्लीला पाठवलं.

भाऊ आला तेव्हा मला सातवा लागून आठ दिवस झाले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तब्येत उत्तम आहे, खालचा बर्थ असेल तर खुशाल जा. बर्थ खालचाच होता. भावानं तिकीट काढून दाखवलं. आणि आमच्या ह्यांनी तोंडी भागाकार केला.

"छत्तीस तास रेल्वेत आदळत जायचं? या अवस्थेत? गोव्यापर्यंत विमान आहे. अडीच तास. तिथून टॅक्सी."

भाऊ म्हणाला, आईनं सातव्यातच आणायला सांगितलंय. ह्यांनी फोन उचलला आणि थेट काकांना लावला. काकांच्या घरी तोवर वेगळा फोन होता, ते गल्लीतच समोरच्या घरात राहायला गेले होते. दोघांचं पंधरा मिनिटं बोलणं झालं. ह्यांच्या बाजूचं मला ऐकू येत होतं, काकांच्या बाजूचं मी न ऐकताही सांगू शकले असते. निर्णय असा झाला: आठवा वर्ज्य आहे हे बरोबर, शास्त्र मोडायचं नाही. पण दोन-अडीच तासांसाठी इतक्या लवकर कशाला जायचं? नववा लागला की विमानात बसवा. म्हणजे आठवा टळला, धक्केही टळले. "येनू आगोदिल्ल," काका म्हणाले होते, काही होत नाही, आणि ह्यांनी ते कन्नड वाक्य मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. शास्त्र एका हातात आणि डायरी दुसऱ्या हातात धरून इतका पक्का मूर्खपणा फक्त आमच्याच घरात होऊ शकतो. नुसतं शास्त्र पाळलं असतं तरी मी सातव्यात घरी पोचले असते. नुसती डायरी पाळली असती तरी आठव्यात. दोन्ही पाळणारी माणसं आमची.

आणि विमान गोव्याला उतरणार होतं. तिथून धारवाडपर्यंत टॅक्सीनं पाच तास, आणि मध्ये अनमोडचा घाट. घाटाची वळणं काकांच्या हिशेबात आलीच नव्हती. दोरा सरळ ताणला होता ना.

भावानं मला स्वयंपाकघरात गाठलं. "अक्का, तू काय म्हणतीस ते सांग. चल म्हणालीस तर मी भाऊजींशी बोलतो. खालचा बर्थ आहे, मी सगळं बघतो. चल की."

मी त्याला सांगितलं, विमानानं येते.

आमच्या गल्लीत तोवर कुणीही विमानानं आलं नव्हतं. टॅक्सी दारात थांबते आहे, मी उतरते आहे, काकू गॅलरीतून बघते आहे, असं मला लग्नाच्या आधीपासून दिसत होतं. काकांची मी एवढी टवाळी करते, पण त्यांच्या डायरीतल्या त्या ओळीवर सगळ्यात जास्त विश्वास कुणाचा असेल तर तो माझा होता. ही गोष्ट कबूल करायला मला बरीच वर्षं लागली.

भाऊ एकटा परत गेला. शेजारचा बर्थ छत्तीस तास रिकामा होता, त्यावर त्यानं माझ्यासाठी आणलेली उशी ठेवली होती. मी येत नाही हे घरी कळवायला हवं, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. काकांशी बोलणं झालंय म्हणजे घरी कळलंच असेल, असं ह्यांनी धरलं. आणि काकांनी गल्ली ओलांडून आईला सांगायचे कष्ट घेतले नाहीत. त्यांच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. दिल्ली ते धारवाड दोन मिनिटांत मोजणाऱ्या माणसाला गल्लीच्या पलीकडचं घर लांब पडलं.

त्या दिवशी आई दारात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. गरोदर लेक पहिल्यांदा घरी आली की तिच्यावरून ओवाळून टाकायचा. रिक्षा थांबली, भाऊ उतरला, त्यानं उशी उतरवली. आईनं रिक्षात वाकून बघितलं. भाऊ सांगतो, तांब्यातलं पाणी तिनं तुळशीला घातलं आणि भाकरीचा तुकडा दाराशी आलेल्या गाईला दिला.

नववा लागला. ह्यांनी तिकिटं आणली. देणाऱ्यानं काही विचारलं नाही, घेणाऱ्यानं काही सांगितलं नाही. विमानतळावर मी प्रथमच गेले होते, पायात नव्या चपला, अंगावर लग्नातलं निळं पातळ. काउंटरवरच्या मुलीनं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पोटाकडे, आणि विचारलं, कितवा महिना? मी सांगितलं. डॉक्टरचं सर्टिफिकेट? नव्हतं. ती आत जाऊन कुणालातरी विचारून आली आणि फार नम्रपणे म्हणाली, की इतके दिवस भरल्यावर आम्ही बसवून घेत नाही.

ह्यांचा चेहरा मला आजही आठवतो. भागाकारात बाकी उरल्यासारखा. "मॅडम, ढाई घंटे की तो बात है," हे म्हणाले.

"ढाई घंटे बहुत होते हैं, सर," ती मुलगी म्हणाली.

वेळ म्हणजे काय हे कळणारं त्या सगळ्या प्रकरणातलं ते एकमेव माणूस. वीस-बावीस वर्षांची असेल.

आम्ही परत घरी आलो. ह्यांनी वाटेत हिशेब करून बघितला, आता रेल्वेनं पाठवता येईल का. मी आयुष्यात पहिल्यांदा ह्यांना गप्प बसायला सांगितलं. घरी आल्यावर मीच धारवाडला फोन लावला. आईनं सगळं ऐकून घेतलं. एरवी ओरडून बोलणारी माझी आई इतक्या हळू बोलली की मला फोन कानाला घट्ट दाबावा लागला. "मी निघते," ती म्हणाली.

काकांचं म्हणणं पडलं की घाई कशाला, अजून तीन आठवडे आहेत, वेटिंग कन्फर्म होऊ दे. अप्पांनी मान डोलावली. त्या माणसाच्या मानेत दुसरी हालचालच नव्हती. मला त्यांची कीव करायला हवी, पण कीव येत नाही. वेटिंग कन्फर्म व्हायला सहा दिवस गेले. सातव्या दिवशी आई भावाला घेऊन लोंढ्याला गाडीत बसली. बरोबर डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, मलमलीची टोपडी, आणि झाकण कापडानं बांधलेला तुपाचा मोठा डबा. भाऊ म्हणाला, एवढं तूप कशाला, दिल्लीत मिळतं की. आई डबा मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हती.

पुढच्या दिवशी सकाळी मला कळा सुरू झाल्या. दिवस भरायला दोन आठवडे होते. हे ऑफिसला गेलेले. शेजारच्या बाईंनी मला हॉस्पिटलात नेलं. त्यांचं हिंदी पंजाबी वळणाचं, मला घाबरल्यावर कन्नड सुचत होतं. मी 'अव्वा, अव्वा' म्हणून ओरडत होते, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. मी माझ्या आईला जन्मात कधी अव्वा म्हटलं नव्हतं. दुपारी सव्वा वाजता मुलगी झाली. दोघी सुखरूप. काकांचं खरं ठरलं म्हणायचं, काही झालं नाही.

आईला कळवायची काही सोय नव्हती. ती गाडीत होती. हे दुसऱ्या दिवशी सकाळी निजामुद्दीनला गेले आणि फलाटावरच सांगितलं, मुलगी झाली. आईनं विचारलं, किती वाजता? ह्यांनी सांगितलं. तिनं पुन्हा विचारलं, नक्की किती वाजता? ह्यांना तो प्रश्न आवडला असणार, मिनिटाचा होता. मग ती तुपाचा डबा घेऊन तशीच हॉस्पिटलात आली. आल्यावर तिनं आधी बाळ नाही बघितलं. माझ्या कपाळावरचे केस मागे सारले आणि विचारलं, "कुणी होतं का गं जवळ?"

मी म्हटलं, शेजारच्या होत्या.

"बरं झालं," ती म्हणाली.

सव्वा महिना ती दिल्लीत राहिली. माझ्या भातावर तूप इतकं असायचं की भात दिसायचा नाही. एकदाही तिनं मला विचारलं नाही की तू भावाबरोबर का आली नाहीस. मी मनात उत्तर तयार करून ठेवलं होतं. ह्यांच्यावर ढकलायचं, काकांवर ढकलायचं. ते उत्तर तसंच पडून राहिलं.

मग आम्ही तिघी धारवाडला आलो, गाडीनं. काका बाळ बघायला आले. नवी डायरी होती, ओळ उतरवून झालेली होती. "बघ, मी म्हणालो होतो की नाही?" ते आईला म्हणाले. "सगळं व्यवस्थित झालं. उगीच घोर लावून घेतलीस तू." आणि पत्रिका करायला म्हणून जन्मवेळ विचारली.

आई थोरल्या दिरासमोर खुर्चीवर बसत नसे. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला, पुढं झाली आणि म्हणाली, "डायरी द्या जरा."

काकांना वाटलं जन्मवेळ लिहून देते. त्यांनी पेन्सिलीसकट दिली. तिनं डायरी मागून उघडली. काकांच्या ओळीत दिल्लीच्या खाली जिथं दहा मिनिटं कमी दोन तास लिहिलं होतं, तिथं तिनं सावकाश, मोठ्या अक्षरात लिहिलं, भुसावळ. तिनं भावाकडून गाडीचं वेळापत्रक मागवून घेतलं होतं हे मला तेव्हा कळलं. दुपारी सव्वा वाजता गाडी भुसावळला उभी होती. ती फलाटावर उतरून नळाचं पाणी भरत होती.

"हे काय?" काका चष्मा सारखा करत म्हणाले.

"बाळ झालं तेव्हा मी तिथं होते," आई म्हणाली. "तुमच्या तक्त्यात राहिलं होतं."

मला वाटलं आता तरी हा माणूस गप्प बसेल, मान खाली घालेल. काकांनी खिशातून खोडरबर काढलं आणि तो शब्द पुसायला घेतला. "तक्ता खराब केलास की," ते म्हणाले. पुसून झाल्यावर त्यांनी कागदावर फुंकर मारली. आईनं पेन्सिल त्यांच्या पुढं ठेवली आणि ती चहा टाकायला आत गेली. अप्पा पेपर वाचत होते. माणसाचा तिटकारा येणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं.

पुढं काही वर्षांनी गोकुळ रोडवर खरोखरच विमान यायला लागलं. पंख्यांचं, छोटं. काका तेव्हा अंथरुणाला खिळले होते. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "बंतल्ल." आलं की नाही. कुणीतरी माझ्यासमोर त्यांचं कौतुकही केलं, की म्हाताऱ्याला आधीच कळलं होतं.

माझी मुलगी सहा वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही त्या विमानानं हुबळीला उतरलो. सकाळी पाचला घर सोडलं होतं, मध्ये एका विमानतळावर अर्धा दिवस बसलो, धारवाडच्या दारात रिक्षा थांबली तेव्हा दिवस मावळायला आला होता. काकूची गॅलरी बंद होती. गल्लीत बघायला कुणीही नव्हतं. आई भाकरतुकडा घेऊन उभी होती. मी गरोदर नव्हते, पहिल्यांदा येत नव्हते, तरी तिनं तो माझ्यावरून ओवाळून टाकला. मी का म्हणून विचारलं नाही.

जेवताना मुलगी तिच्या शेजारी बसली. तिच्या जन्माच्या वेळचं आजीचं वाक्य तिला पाठ झालं होतं, दरवर्षी ती ते आजीच्या तोंडून ऐकायची. तिनं आपणच सुरुवात केली.

"आजी, मी झाले तेव्हा तू भुसावळला होतीस ना?"

"हो गं बाई."

"पण भुसावळला का होतीस?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी ताटातून वर बघितलं. आईनं माझ्याकडे बघितलं नाही. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं, एखाद्या लहान मुलाला जे जसं आहे तसं सांगावं तसं तिनं सांगितलं.

"तुझी आई विमानानं येणार होती ना, म्हणून," ती म्हणाली, आणि तिच्या भातावर तूप वाढलं, मग माझ्या.